सेंट अँथनीचा धबधबा: गिरण्यांनी वापरला, पोखरला आणि काँक्रीटमध्ये बसवला

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला गेलो होतो. ज्या सेंट अँथनी धबधब्याच्या जोरावर एके काळी जगातल्या सर्वांत मोठ्या पिठाच्या गिरण्या चालल्या म्हणतात, तो मुद्दाम पाहिला. धबधबा कसला, काँक्रीटची घसरगुंडी आहे. मूळचा धबधबा गेला कुठे? आणि जेमतेम दोन मजल्यांच्या उंचीवर एवढ्या गिरण्या चालल्या तरी कशा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते पुढे देतो. पहिला प्रश्न जास्त रंजक आहे. माझी सारी नोकरी जलविद्युत प्रकल्पांच्या पायाच्या आणि बोगद्यांच्या कामात गेली. त्यामुळे धबधबा दिसला की माझी नजर आधी पाण्याच्या खाली जाते: हे पाणी कशावरून पडतंय, आणि ते जे काही आहे ते कशावर टेकलंय?

मिसिसिपीच्या मुख्य प्रवाहावर मोठा म्हणावा असा हा एकच धबधबा. इथे वर चुनखडीचा कठीण थर आहे, प्लॅटव्हिल चुनखडी. त्याखाली शेलचा पातळ पट्टा, आणि त्याखाली सेंट पीटर वालुकाश्म. हा वालुकाश्म नावालाच दगड. जवळजवळ शुद्ध गारेची वाळू, कण एकमेकांना जेमतेम चिकटलेले. बोटाने खरवडला तरी भुगा हातात येतो. पुढच्या काळात सेंट पॉलमधल्या फोर्डच्या कारखान्याने याच थरात बोगदे खणून वाळू काढली आणि गाड्यांच्या काचा बनवल्या, यावरून कल्पना यावी. आता पाणी वरून पडतं, पायथ्याशी घुसळतं, मऊ वाळू धुऊन नेतं. वरची चुनखडी छज्ज्यासारखी अधांतरी राहते आणि एक दिवस तिचा तुकडा मोडून खाली येतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. हिमयुगानंतरच्या सुमारे 10 हजार वर्षांत तो फोर्ट स्नेलिंग या लष्करी ठाण्याजवळून जवळजवळ 13 किलोमीटर मागे आला. म्हणजे सरासरी वर्षाला मीटर-सव्वामीटर.

यात एक मेख आहे, आणि पुढचं सारं रामायण तिच्यावरच घडलं. ही चुनखडी नदीच्या वरच्या दिशेला कायम राहत नाही. ती पातळ होत जाते आणि त्या काळच्या कड्यापासून काही शे मीटरवर संपते. धबधबा तिथवर सरकला की खाली फक्त वाळू. मग धबधबा उरत नाही, नुसता खळखळता उतार होतो. निसर्गाच्या वेगाने जरी गेला असता तरी दोन-तीनशे वर्षांतच हे व्हायचं होतं. गिरण्यांनी ते वीस वर्षांत आणून ठेवलं.

इथले मूळ रहिवासी डकोटा लोक या जागेला ओवाम्नियोम्नी म्हणत. 1680 मध्ये लुई हेनेपिन हा पाद्री इथे पोचला, त्याने आपल्या आवडत्या संताचं, पाडुआच्या सेंट अँथनीचं नाव दिलं, आणि उंची ठोकून दिली 50-60 फूट. नंतर आलेल्या प्रवाशांनी 16 ते 20 फूट नोंदवली. पहिल्यांदा जाणाऱ्याने थोडं वाढवून सांगायचं, ही रीत जुनीच.

पाण्याला कामाला लावणारे पहिले लोक म्हणजे फोर्ट स्नेलिंगचे सैनिक. 1821 मध्ये त्यांनी पश्चिम काठावर लाकूड कापायची गिरणी उभारली, 1823 मध्ये शेजारी पिठाची. छावणीपुरतं काम. खरी झुंबड उडाली ती 1837 च्या करारांनंतर, जेव्हा पूर्व काठाची जमीन मूळ रहिवाशांच्या हातून गेली. फ्रँकलिन स्टीलने तिथे ताबा सांगितला आणि 1848 मध्ये त्याची लाकूडगिरणी सुरू झाली. पश्चिम काठ लष्करी राखीव होता, तो 1850 च्या दशकात मोकळा झाला. 1856 मध्ये दोन कंपन्या निघाल्या: पूर्वेला सेंट अँथनी फॉल्स वॉटर पॉवर कंपनी, पश्चिमेला मिनियापोलिस मिल कंपनी. दोघींनी मिळून नदीत इंग्रजी व्ही अक्षरासारखा बंधारा घातला, टोक वरच्या दिशेला. त्याच्या एका भुजेने पाणी पूर्वेला वळायचं, दुसरीने पश्चिमेला.

इथून दोन काठांची कथा वेगळी होते. पूर्वेच्या कंपनीने गिरण्या सरळ बंधाऱ्यावर, नदीच्या अंगावर बसवल्या. पश्चिमेच्या कंपनीने काठाला समांतर एक कालवा खणला. 1857 मध्ये काम सुरू झालं, आणि पुढे तो लांबवत, खोल करत नेला. कालव्याचा फायदा असा की गिरणी नदीला चिकटून असण्याची गरज उरत नाही. कालव्याच्या दोन्ही बाजूंना गिरण्यांची रांग लावता येते आणि प्रत्येकीला सारखंच पाणी देता येतं. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. पण पश्चिमेला गिरण्यांचा अख्खा मोहल्ला उभा राहिला आणि पूर्वेची कंपनी भांडणं आणि कर्जात अडकली, यामागे हा कालवा आहे. 1872 मध्ये सेंट अँथनी हे पूर्वेचं गाव मिनियापोलिसमध्ये विलीन झालं, तेव्हा नाव कोणाचं राहिलं हे बघा.

आता उंचीचा प्रश्न. लोक धबधबा उंचीने मोजतात. जलशक्तीच्या माणसाला दोन आकडे लागतात: पाणी किती आणि ते किती खाली उतरतंय. दोन्हींचा गुणाकार म्हणजे शक्ती. हजार फुटांवरून पडणारी ओढ्याची धार फोटोला छान, पण तिच्यावर गिरण्यांचा मोहल्ला चालायचा नाही. इथे उंची कमी, पण नदी मिसिसिपी.

कंपनी पाणी विकत नव्हती, भाड्याने देत होती, आणि भाड्याचं माप होतं 'मिलपॉवर'. ही कल्पना न्यू इंग्लंडातून आली. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या कापड गिरण्यांत एक मिलपॉवर म्हणजे सेकंदाला 25 घनफूट पाणी, 30 फूट उतार. मिनियापोलिसला ते ठरलं सेकंदाला 30 घनफूट, 22 फूट उतार. स्वतः करून बघा: घनफूट पाण्याचं वजन 62.4 पौंड. 30 गुणिले 22 गुणिले 62.4, भागिले 550, कारण एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला 550 फूट-पौंड. उत्तर येतं 75. म्हणजे एका मिलपॉवरमागे कागदावर 75 अश्वशक्ती. टर्बाइनमध्ये, दात्यांत, पट्ट्यांत जे गळायचं ते गळून उरेल तेवढं गिरणीवाल्याचं. माप पाण्याचं, शक्तीचं नाही, हे इथे महत्त्वाचं. चांगलं टर्बाइन बसवलं तर त्याच भाड्यात जास्त पीठ. त्यामुळे टर्बाइन सुधारायची घाई प्रत्येकालाच होती. आणि जमलं तर भाडेपट्ट्यापेक्षा चार बोटं जास्त पाणी ओढायची घाईही. पाण्याचं मीटर नसलेल्या जगात हे व्हायचंच.

गिरणीची आतली रचना डोळ्यांसमोर आणायची तर अशी. कालव्यातून पाणी जाळीतून आत येतं. जाळी नसेल तर ओंडक्यांच्या साली आणि बर्फाचे तुकडे टर्बाइनमध्ये जातील. मग झडप. मग गिरणीच्या तळघरात खडकात सरळ खाली खणलेली विहीर, तिच्या तळाशी टर्बाइन. पाणी टर्बाइन फिरवून खाली पडतं आणि वालुकाश्मात खणलेल्या बोगद्यातून धबधब्याच्या खालच्या अंगाला नदीत परत जातं. हा परतीचा बोगदा म्हणजे टेलरेस. टर्बाइनचा उभा दांडा विहिरीतून वर येतो, दातेरी चाकांनी आडव्या शाफ्टला जोडला जातो, आणि तिथून चामड्याचे पट्टे मजल्यामागून मजल्याला फिरवतात.

विहीर कठीण चुनखडीत, बोगदा मऊ वाळूत. खणणाऱ्याच्या दृष्टीने स्वर्ग! छत आपोआप मजबूत, पोट आपोआप मऊ. सुरुंग नाही, मोठा खर्च नाही, कुदळीने काम होतं. मीही असल्या खडकात काम करताना खूश झालो असतो, हे कबूल करतो. पण प्रत्येक गिरणीने छतात एक भोक पाडलं आणि पोटात एक बोगदा. शिवाय बंधाऱ्यांनी नदीचा प्रवाह अरुंद केला, त्यामुळे उरलेल्या जागी पाणी जास्त जोराने पडू लागलं. आणि वरून लाकूडगिरण्यांसाठी सोडलेले ओंडके. पुरात सुटलेला ओंडका कड्यावरून खाली येतो तो पहारीसारखा. 1860 च्या दशकात कडा झपाट्याने मागे सरकू लागला. 1866 मध्ये कड्यावर लाकडी उताराचं आवरण घालायला घेतलं, त्याला एप्रन म्हणतात. 1867 च्या पुराने ते नेलं.

याच सुमाराला नदीतल्या निकोलेट बेटाचे मालक पूर्वेच्या कंपनीशी कोर्टात भांडत होते. विल्यम ईस्टमन आणि जॉन मेरियम यांनी 1865 मध्ये हे बेट घेतलं होतं. बेट धबधब्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे चारी बाजूंना पाणी, पण उतार शून्य. गिरणी घालायची तर कशावर? 1867 मध्ये तडजोड झाली: त्यांनी 200 अश्वशक्तीइतकं पाणी घ्यावं, आणि त्यासाठी धबधब्याच्या खालून, कड्यालगतच्या हेनेपिन बेटाच्या पोटातून निकोलेट बेटापर्यंत टेलरेस खणावा. सहा फूट रुंद, सहा फूट उंच, लांबी सुमारे 2500 फूट. 1868 च्या सप्टेंबरात खणायला सुरुवात झाली.

हे वाचताना माझ्या पोटात गोळा येतो. नदीच्या तळाखालून, न बांधलेल्या वाळूतून, वरच्या बाजूला नदीचा पूर्ण दाब असताना, खालचं तोंड उघडं ठेवून बोगदा. आणि तो त्याच दिशेला चाललाय जिकडे छताची चुनखडी पातळ होत संपते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका धरणाच्या गॅलरीत गळतीची नोंद घ्यायचं काम माझ्याकडे होतं. बादली, घड्याळ, वही. मी लिटर मोजत होतो. वरिष्ठ साहेब आले, त्यांनी वही बघितलीच नाही. काचेच्या ग्लासात पाणी धरून दिव्यासमोर नेलं आणि दहा मिनिटं ठेवून दिलं. तळाशी काही बसतं का ते बघत होते. म्हणाले, "धरण गळणारच. पाणी नितळ आहे तोवर झोप. गढूळ झालं की पळ." गढूळ याचा अर्थ पाणी सोबत माती-वाळू आणतंय, म्हणजे आत वाट रुंद होतेय. वाट रुंद झाली की पाणी वाढतं, पाणी वाढलं की वाट अजून रुंद. आमच्या धंद्यात याला पाइपिंग म्हणतात, आणि एकदा वेग धरला की मामला तासांचा असतो.

मिनियापोलिसला नेमकं तेच झालं. बोगदा जवळजवळ 2000 फूट आत गेला होता. 4 ऑक्टोबर 1869 रोजी वरच्या टोकाशी पाणी पाझरताना दिसलं. 5 तारखेला नदी बोगद्यात घुसली. वाळूचं पोट धुऊन निघालं आणि हेनेपिन बेटाचा वरचा भाग खचून खाली बसला. बेटाच्या वर नदीत भोवरा दिसू लागला. नदी आता कड्यावरून पडायच्या ऐवजी कड्याच्या खालून जायचा रस्ता शोधत होती. गावातली माणसं धावली. झाडं, दगड, माती, जे मिळेल ते त्या भोकात टाकलं. ओंडक्यांचे मोठे तराफे बांधून, त्यांवर दगड लादून ते भोवऱ्यात बुडवले. काही काळ पाणी थांबलंसं वाटायचं, मग शेजारून नवी वाट काढायचं. मला यात आश्चर्य वाटत नाही. पाइपिंग भोकाच्या तोंडाशी बूच मारून थांबत नाही; पाणी वरून कुठून शिरतंय ती फट बंद करावी लागते, आणि ती नदीच्या तळाशी होती.

पुढची सहा-सात वर्षं अशीच गेली. बांध घालायचे, भरायचं, पुरात वाहून जायचं, पुन्हा. गावाची पोटापाण्याची सोय जाणार हे दिसल्यावर केंद्र सरकारने पैसा घातला आणि लष्कराच्या अभियंत्यांची फौज, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, कामाला लागली. त्यांचा अंतिम उपाय मात्र फार देखणा आहे. चुनखडीच्या खाली, वालुकाश्मातच नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवा चर खणत नेला आणि त्यात काँक्रीटची भिंत ओतली. सुमारे 40 फूट खोल, 1850 फूट लांब. वर चुनखडीला टेकलेली, खाली वाळूत रुतलेली. धरणाच्या पायाखाली आम्ही जी कट-ऑफ भिंत घालतो तीच ही, फक्त इथे धरण म्हणजे निसर्गाचा खडक आणि भिंत घालायची चालू नदीच्या तळाखाली. 1874 ला सुरुवात, 1876 ला पूर्ण. वर दोन बुटके बंधारे घातले, कारण उघडी पडलेली चुनखडी मिनेसोटाच्या थंडीत फटींतलं पाणी गोठून फुटते; ती पाण्याखाली राहिलेली बरी. आणि 1880 पर्यंत कड्यावर भक्कम लाकडी एप्रन झाला. केंद्र सरकारचे 6 लाख डॉलरहून अधिक गेले, गावांचे 3 लाखांहून अधिक.

म्हणजे मूळचा धबधबा 1880 लाच गेला, असं म्हणायला हरकत नाही. त्यानंतरचा जो दिसतो तो खिळवून ठेवलेला धबधबा. लाकडी एप्रन 1950 च्या दशकात काढून काँक्रीटचा केला, तीच तुम्ही पाहिलेली घसरगुंडी.

जाता जाता एक तुलना. न्यू जर्सीतल्या पॅटरसनचा ग्रेट फॉल्स हाही गिरण्यांचाच धबधबा. अलेक्झांडर हॅमिल्टनच्या पुढाकाराने 1791 मध्ये तिथे उद्योग उभारायला संस्था निघाली. 77 फूट उंची, आणि खडक बेसॉल्ट. तिथेही कालवे, टर्बाइनं, भांडणं सगळं झालं, पण कडा जागच्या जागी आहे. पॅटरसनच्या मालकांना खडकाची चिंता करावी लागली नाही, म्हणून त्यांनी केली नाही. मिनियापोलिसच्यांना करावी लागणार होती, पण तेही पॅटरसनसारखेच वागले. कंपनीच्या भाडेपट्ट्यात पाण्याचा थेंब न् थेंब मोजलेला. ज्या दगडावरून ते पडतं त्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच खात्यावर नाही.

एकदा धबधबा स्थिर झाला आणि मग पिठाचा खरा सुकाळ आला. मिनेसोटा-डकोटाकडचा गहू वसंतात पेरलेला, दाणा कठीण. जुन्या जात्यांत तो घातला की कोंड्याचा चुरा होऊन पिठात मिसळायचा, पीठ काळपट दिसायचं, भाव कमी यायचा. 1870-71 मध्ये एडमंड लाक्रोआ याने कॅडवालडर वॉशबर्न या गिरणीमालकाच्या गिरणीत रवा साफ करायचं यंत्र बसवलं. चाळणीवर रव्याचा थर, खालून हवेचा झोत. हलका कोंडा उडून जातो, जड रवा राहतो, तो पुन्हा दळायचा. ज्या गव्हाला कोणी विचारत नव्हतं त्याचंच पांढरंशुभ्र, चिकट, पावासाठी उत्तम पीठ निघू लागलं. याच वॉशबर्नने 1874 मध्ये 'ए' गिरणी बांधली, सात मजली, त्या काळातली अजस्र.

पण ज्या हवेने कोंडा उडवला तिने पिठाची धूळही उडवली. 2 मे 1878 च्या संध्याकाळी, दिवसपाळी घरी गेल्यावर, 'ए' गिरणीत स्फोट झाला. कोरड्या फिरणाऱ्या जात्यांची ठिणगी धुळीला लागली असा निष्कर्ष निघाला. 18 माणसं गेली, त्यांतली 14 'ए' गिरणीतली, बाकी शेजारच्या गिरण्यांतली. आजूबाजूच्या गिरण्याही जळाल्या. विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी नंतर प्रयोग करून दाखवलं की हवेत तरंगणारं पीठ स्फोटक असतं. तोवर बऱ्याच लोकांचा यावर विश्वास नव्हता. नवी 'ए' गिरणी 1880 मध्ये उभी राहिली ती धूळ ओढून घेणारी यंत्रं घेऊनच, आणि जात्यांच्या जागी हळूहळू रोलर आले. या कामात पुढे आलेला ऑस्ट्रियात जन्मलेला अभियंता विल्यम द ला बार पुढे धबधब्याच्या जलशक्तीचाच कारभारी झाला.

1881 मध्ये पूर्व काठावर पिल्सबरीची 'ए' गिरणी सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षं जगातली सर्वांत मोठी राहिली. 1880 च्या सुमाराला मिनियापोलिसने पिठात सेंट लुईसला मागे टाकलं आणि 1930 पर्यंत पहिला नंबर सोडला नाही. 1870 ला 13 हजार वस्तीचं गाव 1890 ला 1 लाख 64 हजारांवर गेलं.

एवढ्या गिरण्या झाल्यावर पाणी पुरेना, विशेषतः हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या शेवटी. काहींनी वाफेची इंजिनं बसवली. पण एक उपाय असा निघाला ज्याची गिरण्यांच्या इतिहासात फारशी वाच्यता होत नाही. 1884 पासून केंद्र सरकारने मिसिसिपीच्या उगमाकडे विनिबिगोशिश, लीच अशा सरोवरांवर बंधारे घातले. कारण सांगितलं नौकानयनाचं. कोरड्या महिन्यांत सोडलेलं पाणी आधी गिरण्यांच्या झडपांतून जायचं, हे सांगायची गरज नव्हती. सरोवरांची पातळी वाढली आणि तिथले मूळ रहिवासी असलेल्या ओजिब्वे लोकांची काठावरची जमीन आणि पाण्यात उगवणारा जंगली तांदूळ बुडाला. मिलपॉवरच्या हिशेबात ही किंमत कुठेही नाही.

वीज इथे लवकर आली. 5 सप्टेंबर 1882 रोजी धबधब्यावरच्या छोट्या केंद्रातून रस्त्यावरचे आर्क दिवे लागले. जलविद्युतच्या पुस्तकांत विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनचं नाव पहिलं येतं, पण ते केंद्र 30 सप्टेंबरला सुरू झालं. असल्या पहिलेपणाच्या वादात मी पडत नाही, तारखा मात्र या आहेत. विजेमुळे गिरणी धबधब्याला बांधलेली राहिली नाही. शक्ती तारेवरून कुठेही नेता येते म्हटल्यावर पीठ दळायची जागा भाडं आणि रेल्वेचे दर ठरवू लागले, आणि धंदा न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलो शहराकडे सरकला. वॉशबर्नची 'ए' गिरणी 1965 ला बंद पडली, 1991 ला आगीत जळाली, आणि 2003 पासून तिच्या भिंतींच्या आत मिल सिटी म्युझियम आहे.

वाळू मात्र तीच आहे. 1987 मध्ये धबधब्याच्या खालच्या अंगाला असलेल्या धरणावरच्या वीजकेंद्राचा काही भाग कोसळला; पाया खालून धुतला गेला होता. शंभर वर्षांचा अनुभव, आधुनिक अभियांत्रिकी, आणि तरी. सेंट पीटर वालुकाश्मावर काम करणाऱ्याने हे वर्ष 1869 च्या शेजारी लिहून ठेवावं.

पुन्हा गेलात तर स्टोन आर्च पुलाच्या मधोमध उभे राहा आणि नदीच्या वरच्या अंगाला बघा. जेम्स हिलने 1883 मध्ये रेल्वेसाठी बांधलेला हा पूल आता पायी जाणाऱ्यांचा आहे. पश्चिमेला वरचं लॉक, 1963 ला सुरू झालेलं, बोटींना 49 फूट चढवणारं. परक्या जातीचे कार्प मासे वर जाऊ नयेत म्हणून जून 2015 मध्ये ते बंद केलं. त्याच काठावर मिल रुइन्स पार्कमध्ये टेलरेसची दगडी तोंडं उघडी केलेली आहेत. तिथे वाकून बघा, गिरणीतलं पाणी बाहेर पडायचं ते इथून. पूर्वेला पिल्सबरीची 'ए' गिरणी. तिथे आता कलाकारांची घरं आहेत आणि जुन्या पाण्याच्या बोगद्यातून त्यांच्यासाठी वीज काढतात. आणि मधे हेनेपिन बेट. त्यावर विद्यापीठाची सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळा आहे, 1938 पासूनची. धबधब्याच्याच उताराचं पाणी आत घेऊन तिथे वाळू पाण्याने कशी वाहून जाते याचे प्रयोग करतात. ईस्टमनचा बोगदा याच बेटाच्या पोटातून गेला होता.

1876 ची ती भिंत अजून जागेवर आहे. ती दिसणार नाही. पण तुम्ही बघत असलेलं पाणी काँक्रीटवरून घसरतंय, वाळूतून जात नाही, ते तिच्यामुळे.